पलटणीतून पुन्हा वेशीबाहेर

धागा : महायुद्धाहून परतलेल्या सैनिकांचे पुढे काय झाले?

पश्चिम महाराष्ट्रातील आणि कोकणातील कित्येक गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत एक दगडी पाटी बसवलेली आढळते. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके पुरुष गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच तिच्यावरील मजकूर. दोन आकडे. त्यांची वजाबाकी करून पाहण्याचे कष्ट आपण इतिहासप्रेमी मंडळी क्वचितच घेतो. जे गेले आणि मेले नाहीत, ते परत आले. आणि त्यांच्याविषयी पाटी जितकी मुकी आहे, तितकेच आपले धागेही मुके आहेत.

माझा आक्षेप स्पष्ट शब्दांत मांडतो. समाजमाध्यमांवरील आपले लष्करी इतिहासलेखन लढाई संपली की संपते. दर १ जानेवारीला भीमा कोरेगावच्या लढाईत कोणाकडे किती सैन्य होते यावर शेकडो प्रतिसाद झडतात. दोन्ही बाजूंचे वीर आकडे फेकून दमतात. परंतु स्तंभावर ज्यांच्या नावांना ‘नाक’ हा प्रत्यय लागलेला आहे, त्यांचे जे सोबती जिवंत राहिले, ते घरी गेल्यावर गावाने त्यांना कोणत्या विहिरीवर पाणी भरू दिले, हा प्रश्न कोणी विचारत नाही. शौर्य मोजायला आपल्याला आवडते. शौर्याची परतफेड मोजायची म्हटली की अवघडल्यासारखे होते.

परतलेला सैनिक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे युरोपीय चित्रपटांतला माणूस येतो: दार आपटले की दचकणारा, बायकोमुलांत परका झालेला. त्या व्यथेची मला थट्टा करायची नाही. २९ एप्रिल १९१६ रोजी कूत येथे शरणागती झाली, तेव्हा तुर्कांच्या कैदेत गेलेल्यांत ११० व्या मराठा पलटणीचे शिपाई होते. त्यांतले जे घरी पोहोचले, त्यांच्या रात्री कशा जात असतील हे लिहून ठेवायला त्यांच्या खेड्यात कोण बसले होते? तरीही ती चौकट जशीच्या तशी उचलून इकडे लावणे चुकीचे आहे. त्या कथेत सैनिक बदललेला असतो आणि घर त्याला पुन्हा आपलेसे करू पाहते. आपल्याकडच्या एका मोठ्या समूहाची कथा याच्या नेमकी उलटी आहे. तो समूह म्हणजे महार सैनिक.

थोडी पार्श्वभूमी. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात महार शिपाई मोठ्या संख्येने होते. छावणीतील जीवनाने त्यांना गावाने कधीच न दिलेल्या दोन गोष्टी दिल्या: शाळा आणि पेन्शन. सैनिकांच्या मुलामुलींना लष्करी शाळेत शिक्षण सक्तीचे होते, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढे लिहून ठेवले आहे. त्यांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार-मेजर या हुद्द्याचे, लष्करी शाळेचे मुख्याध्यापक. पेन्शनचे महत्त्व तर याहून खोल होते. गावचा महार बलुत्यावर, म्हणजे गावाच्या मर्जीवर, जगत असे. पेन्शन ही गावाच्या हातात नसलेली भाकरी होती. ती बंद करण्याची धमकी पाटील देऊ शकत नव्हता.

म्हणूनच या समाजातील पहिले अर्ज, पहिल्या पुस्तिका, पहिल्या संघटना पेन्शनरांच्या हातून निघाल्या, हा योगायोग समजू नये. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर लष्करातून निवृत्त होऊन दापोलीत राहिले आणि १८८८ मध्ये त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ लिहिले. युद्धभूमीवरून आलेल्या माणसाने नागरी जीवनाशी जुळवून घेतले नाही, याचे हे आपल्याकडील फार उजळ उदाहरण आहे. न जुळवून घेणे हीच त्यांची कामगिरी.

‘जुळवून घेणे’ या शब्दालाच माझी हरकत आहे. कोणाशी जुळवून घ्यायचे? पलटणीत सलाम करणारा आणि हुद्दा असल्यास सलाम घेणारा माणूस गावात आला की त्याने ‘जोहार’ म्हणायचे. बंदूक चालवणारा हात मेलेले ढोर ओढायला लावायचा. वेशीची राखण, सरकारी सांगावे पोहोचवणे, दौऱ्यावर आलेल्या अंमलदाराची सरबराई, वसुलीचा भरणा तालुक्याला जाताना सोबत चालणे ही वतनी कामे वंशपरंपरेने बांधलेली होती; १८७४ च्या मुंबई वंशपरंपरागत वतन कायद्याने त्यांना सरकारी शिक्काही मिळाला होता. म्हणजे गणवेश देणारे सरकार तेच आणि गणवेश उतरल्यावर महारकीची कामे कायद्याने टिकवणारे सरकारही तेच! ‘इंग्रजांनी उद्धार केला’ हे वाक्य सहज लिहून टाकणाऱ्यांनी येथे क्षणभर थांबावे.

हुद्द्याचा गावात काय भाव होता, हे पाहायचे तर १९०१ सालचा मसूर स्टेशनवरील प्रसंग पुरेसा आहे. रामजी तेव्हा गोरेगाव येथे खजिनदाराच्या नोकरीत होते. त्यांना भेटायला साताऱ्याहून भीमराव, त्यांचे बंधू आणि भाचे निघाले. पत्र वेळेवर न पोहोचल्याने न्यायला कोणी आले नाही. पोरांचे नीटनेटके कपडे पाहून स्टेशनमास्तर आपुलकीने बोलला. जात कळताच त्याचा चेहरा पालटला. गाडीवाले नेईनात. शेवटी दुप्पट भाडे देऊन गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने पायी चालायचे, असे ठरले. रात्रभर पाणी मिळाले नाही. सुभेदार-मेजरच्या मुलांची ही कथा. साध्या शिपायाच्या पोराने काय अपेक्षा ठेवावी?

तोवर लष्कराचे दारही लागले होते. १८८५ ते १८९३ या काळात सरसेनापती असलेल्या लॉर्ड रॉबर्ट्सने ‘लढवय्या जमाती’चा सिद्धांत उचलून धरला आणि १८९० च्या दशकात महारांची भरती थांबली. ज्यांचे आजे-पणजे लढले, ते एका कागदाने ‘न लढणारे’ ठरले. वलंगकरांनी याविरुद्ध अर्ज केला. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. उत्तर आले नाही असे म्हणवत नाही. उत्तर आले, पण ते युद्धाने दिले.

१९१७ मध्ये माणसे कमी पडू लागली, तेव्हा सिद्धांत गुंडाळून ठेवण्यात आला आणि जूनमध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. एडन आणि वायव्य सरहद्द येथे तिने सेवा केली. युद्ध संपले. १९२० मध्ये ती ७१ व्या पंजाबी पलटणीत विलीन झाली आणि मार्च १९२१ मध्ये मोडीत निघाली. त्याच्या एक महिना आधी, १० फेब्रुवारी १९२१ रोजी, दिल्लीत इंडिया गेटची कोनशिला बसवण्यात आली होती. मेलेल्यांसाठी कमान, जिवंतांना निरोप.

येथे एक नेहमीचा युक्तिवाद येतो आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. युद्धानंतर सर्वच पलटणी कमी झाल्या, तिजोरीत खडखडाट होता, यात जातीचा संबंध काय? काटकसर खरी होती. पण काटकसर ‘किती’ कमी करायचे ते सांगते, ‘कोण’ ते सांगत नाही. १९२२ च्या पुनर्रचनेत सहा मराठा पलटणी एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री उभारली गेली. महारांसाठी एकही पलटण उरली नाही. पंजाबात तर ‘लढवय्या’ ठरलेल्यांना कालव्यांच्या वसाहतींत जमिनी मिळाल्या. एकाच युद्धातून आलेल्या दोन माणसांपैकी एकाच्या हाती सातबारा पडला आणि दुसऱ्याच्या हाती पुन्हा वतनाची काठी आली, याचे कारण हिशेबाच्या वहीत सापडणार नाही.

(मराठा शिपायांचे सारे सुखाचे होते असे मी म्हणत नाही. कोरडवाहू तुकड्यावर परतलेल्यांचे हाल स्वतंत्र धाग्याचा विषय आहे. पण त्यांना गावाची वेस आतून दिसत होती.)

आता पेन्शनचा मुद्दा पुन्हा घ्या, कारण माझ्या मते सगळी मेख तेथे आहे. १९१७ ची भरती आणि १९२१ ची बरखास्ती यांत चार वर्षेही भरत नाहीत. इतक्या अल्प सेवेवर सेवानिवृत्तीवेतन मिळण्याचा प्रश्नच नव्हता. वलंगकरांच्या पिढीला सन्मान नाकारला गेला, तरी निदान स्वतंत्र भाकरी होती. या पिढीला दोन्ही नाही. त्यातच १९१८ चा पावसाळा फसलेला, त्याच साली इन्फ्लुएन्झाने देशभर एक कोटीहून अधिक माणसे नेलेली, महागाई भडकलेली. अशा काळात पलटण सोडलेल्या तरुणापुढे दोनच वाटा होत्या: मुंबईची गिरणी-गोदी, नाहीतर गावची महारकी. गिरणीतही विणकामाचे खाते त्याला बंद, कारण तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे आणि तेथे विटाळ आडवा येई.

‘लष्कराने जात पुसली’ असे लिहिणाऱ्या मित्रांना माझा एवढाच प्रश्न आहे: पुसली होती, तर मग बरखास्तीच्या दिवशी ती इतकी ठळक कशी उमटली? लष्कराने जात पुसली नाही. काही काळ गणवेशाखाली झाकली. आणि ‘परक्यांच्या सैन्यात गेले, त्यांचे कसले कौतुक’ असे लिहिणाऱ्यांनी हीच फूटपट्टी मेसोपोटेमियात लढलेल्या प्रत्येक पलटणीला लावावी. ती एकट्या कोरेगावच्या स्तंभालाच का लागते?

१९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला: सार्वजनिक पाणवठे, शाळा अस्पृश्यांना खुले. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला परिषद भरली आणि चवदार तळ्याचे पाणी प्यायले गेले. कोकण हा पेन्शनर सैनिकांचा प्रदेश. तेथील अध्यक्षीय भाषणात बाबासाहेबांनी लष्करभरती बंद होण्याने समाजाचे काय नुकसान झाले, हे मांडले. तळ्यावरून परतणाऱ्यांवर जमावाने हल्ला केला. त्या दिवशी उलट हात उचलला गेला नाही, कारण नेत्याने शांततेचे आवाहन केले होते. ‘दुबळे होते म्हणून गप्प राहिले’ असे ज्यांना वाटते, त्यांनी हा सारा धागा पुन्हा वरून वाचावा.

पुढच्या वर्षी, १९ मार्च १९२८ रोजी, त्यांनी वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. ते तेव्हा पार पडले नाही. दुसरे महायुद्ध आले, पुन्हा माणसे कमी पडली आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. वतने रद्द करणारा कायदा मात्र १९५८ साली झाला. १९१७ मध्ये विसाव्या वर्षी १११ व्या पलटणीत दाखल झालेला शिपाई जिवंत असेल, तर तेव्हा तो एकसष्ट वर्षांचा होता.