दुर्बीण शाळेची, पण किल्ली कोणाची?

परभणीसारख्या जिल्ह्यात शाळा-महाविद्यालयाने दुर्बीण घ्यायची ठरवली, की चर्चा रंगते ती आरशाची आणि भिंगाची. किती इंची? किती पट मोठे दाखवते? दुर्बीण ज्यावर बसते त्या माउंटबद्दल मात्र फारसे कोणी विचारत नाही. खर्च सत्कारणी लागणार की वाया जाणार, हे बहुतेक वेळा तिथेच ठरते.

माउंटला संगणक कशाला?

पृथ्वी स्वतःभोवतीची एक फेरी सुमारे २३ तास ५६ मिनिटांत पूर्ण करते. त्यामुळे आकाश तासाला साधारण १५ अंश सरकते. दुर्बीण स्थिर ठेवून जास्त पटीने पाहिले, तर गुरू किंवा शनी मिनिटभरात नजरेआड होतो. रांगेत ४० मुले असतील तर दर मुलामागे दुर्बीण पुन्हा जुळवावी लागते. मोटारीचे माउंट ही पाठलागाची कामगिरी स्वतः करते. त्यात संगणक असेल, तर दोन-तीन ओळखीचे तारे दाखवल्यावर तो उरलेल्या आकाशाचा हिशेब मांडतो. मग नाव निवडले की दुर्बीण तिकडे वळते.

अडचण कुठे येते?

बाजारातील बऱ्याच माउंटमधला हा संगणक बंदिस्त असतो. काही वर्षांनी हँड कंट्रोलर बिघडला, सुटा भाग मिळेनासा झाला किंवा मोबाइलचे अ‍ॅप बंद पडले, तर आरसा, मोटार, गिअर धडधाकट असूनही दुर्बीण कपाटात जाते. परभणीत ती उघडून पाहणारा कारागीर असला, तरी आतला प्रोग्राम त्याच्या हाती नसतो.

ओपन सोर्सने काय बदलते?

‘ऑनस्टेप’ हा असाच एक खुला पर्याय. छोटा मायक्रोकंट्रोलर, थ्रीडी प्रिंटरमध्ये असतात तशा स्टेपर मोटारी आणि त्यांचे ड्रायव्हर एवढ्यावर जुन्या माउंटलाही नवा मेंदू बसवता येतो. तो स्मार्टफोनवरूनही चालतो. ‘इंडी’ हे मुक्त सॉफ्टवेअर अनेक कंपन्यांच्या माउंटशी आणि कॅमेऱ्यांशी बोलते. रास्पबेरी पायसारख्या तळहाताएवढ्या संगणकावरही ते चालते. ‘केस्टार्स’ हा आकाशनकाशा त्याला जोडला, की दुर्बीण गच्चीवर आणि विद्यार्थी वर्गात, अशीही सोय होते.

हे केवळ हौशी लोकांचे खेळणे नाही. १९९९ पर्यंत परभणीचाच भाग असलेल्या हिंगोलीत, औंढा परिसरात लायगो-इंडिया प्रकल्प होत आहे. २०२३ मध्ये केंद्राने त्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. ती डोळा लावून पाहायची दुर्बीण नव्हे, गुरुत्वीय लहरींची वेधशाळा आहे. पण अमेरिकेतील लायगोची नियंत्रण यंत्रणा ‘एपिक्स’ या मुक्त सॉफ्टवेअरचाच आधार घेते. शाळेत माउंटचा प्रोग्राम उघडून पाहिलेल्या मुलाला हे जग परके वाटणार नाही.

मग सगळ्यांनी हेच घ्यावे?

नाही. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे बिनकष्टाचे सॉफ्टवेअर नव्हे. सोल्डरिंग करणारा, इंग्रजी सूचना वाचून चुका शोधणारा एक तरी शिक्षक किंवा विद्यार्थी हवा. तो नसेल, तर हाताने फिरवायची, विजेशिवाय चालणारी डॉब्सोनियन दुर्बीण कधीही बरी. पण संगणकासाठी पैसे मोजायचेच असतील, तर ऑर्डरपूर्वी तीन प्रश्न विचारायलाच हवेत. हे माउंट इंडीसारख्या मुक्त सॉफ्टवेअरवर चालते का? कंट्रोलर बिघडला तर दुसरा बसवता येतो का? १२ व्होल्टच्या साध्या बॅटरीवर ते चालते का?

विक्रेत्याकडे या तिन्हींची उत्तरे नसतील, तर शाळेने घाई करू नये. दुर्बीण विकत घेतली आणि तिची किल्ली दुसऱ्याच्या खिशात राहिली, तर ती दुर्बीण शाळेची झालीच नाही.