दाराशी दिलेली संमती

“लपविण्यासारखे काही नसेल, तर घर दाखवावयास हरकत कसली?” असे एखाद्या घराच्या ओट्यावर उभ्या राहिलेल्या अंमलदाराने विचारले, की गृहस्थ भिडेपोटी बाजूस सरतो, आणि पंचनाम्यात ‘मालकाच्या राजीखुशीने झडती घेतली’ असा शेरा पडतो. घर ज्याचे त्यानेच ते उघडले, मग तक्रार कोणाची, असा यावर पूर्वपक्ष आहे.

हा पक्ष मुळातच टिकत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 185 व्या कलमाने वॉरंटावाचून झडतीची मुभा दिली, ती मालकाच्या होकारावर नव्हे, तर विलंबाने तपासाची हानी होईल अशी वाजवी कारणे तपासी अधिकाऱ्यापाशी असतील तरच. ती कारणे आणि शोधावयाची वस्तू त्याने आधी लिहून ठेवावी, नक्कल 48 तासांच्या आत दंडाधिकाऱ्याकडे धाडावी, 103 व्या कलमान्वये परिसरातील दोन प्रतिष्ठित पंच बोलवावेत, आणि 105 व्या कलमान्वये सारा प्रकार दृक्‌श्राव्य साधनाने मुद्रित करावा. ही बंधने सरकारी सत्तेवर घातलेली आहेत. ती माफ करण्याचा अखत्यार घरधन्याला कायद्याने दिलेलाच नाही.

मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात, त्यांच्या वतीने उच्च न्यायालयात दिलेली कबुली त्यांच्यावरच उलटविण्याचा यत्न झाला, तेव्हा 1985 साली सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या घटनापीठाने मूलभूत हक्क सोडून देता येत नाहीत असा स्पष्ट निर्वाळा दिला. 2017 साली नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणाला 21 व्या अनुच्छेदात स्थान दिले. या दोहोंच्या आधारे माझे म्हणणे असे की, उंबरठ्यावर, गणवेशासमोर, परिणामांची कल्पना नसताना उच्चारलेला होकार त्या हक्काला गिळू शकत नाही.

1973 च्या पूरणमल खटल्याचा हवाला देऊन कोणी म्हणेल, की बेकायदा झडतीतला पुरावाही ग्राह्य ठरतो. खरे आहे, आणि ही उणीव मला सलते. परंतु पुरावा ग्राह्य ठरल्याने झडती कायदेशीर ठरत नाही. कारणे न नोंदविता केलेली झडती बेकायदा होय, हे सर्वोच्च न्यायालयाने रहमान खटल्यातच सांगितले आहे, आणि तशा झडतीस अडविणाऱ्याची निर्दोष मुक्तताही कायम ठेविली आहे.

म्हणून वाचकहो, राजीखुशीच्या शेऱ्याखाली सही करण्यापूर्वी कारणांची नोंद दाखवा असे नम्रपणे सांगा, आणि पुढे दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करून तिची नक्कल मागा. ती विनामूल्य देणे कायद्याने बंधनकारक आहे.