माथाडींचा वारसा आणि नवे श्रमिक

मुंबईच्या गोदामांत पाठीवर गोणी वाहणाऱ्या हमालाला आज एका पेढीचे तर उद्या दुसऱ्या पेढीचे काम करावे लागे, आणि म्हणूनच त्याचा धनी कोण हे कोणत्याही न्यायासनापुढे सिद्ध होत नसे, अशा काळात अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील चळवळीच्या रेट्याने १९६९ साली महाराष्ट्रात हमालांसाठीचा माथाडी कायदा अस्तित्वात आला. धनी कोण या वादात न गुंतता, काम करवून घेणाऱ्या प्रत्येकाकडून मजुरीबरोबर लेव्हीही वसूल करून ती माथाडी मंडळाच्या खजिन्यात जमा करण्याची तजवीज त्याने केली. हमालाच्या भविष्यनिर्वाह निधीची आणि उपदानाची सोय त्यातूनच झाली.

आज भर पावसात दुचाकीवरून घरोघरी जेवण पोहोचवणारा तरुण त्या हमालाच्याच अवस्थेत उभा आहे. एखाद्या ग्राहकाच्या तक्रारीवरून त्याचे मोबाइलमधील खाते एकाएकी बंद झाले, तर त्याची कैफियत ऐकून घेणारा अंमलदार कोठेही बसलेला नसतो. केंद्राच्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा तरुणांकडून काम करवून घेणाऱ्या कंपन्यांकडून वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के अंशदान घेण्याची तरतूद केली, हे उचितच झाले; परंतु निधी म्हणजे न्याय नव्हे. राजस्थानने २०२३ मध्ये अशा श्रमिकांसाठी स्वतंत्र कायदा केला. मग माथाडी कायद्याचा अर्धशतकाहून अधिक काळाचा अनुभव गाठीशी असलेल्या महाराष्ट्राने स्वस्थ का बसावे? श्रमिकांचे प्रतिनिधी असलेले मंडळ या नव्या श्रमिकांसाठीही स्थापावे, आणि लेखी कारण दिल्यावाचून व बाजू ऐकल्यावाचून कोणाचेही खाते बंद करण्यास कायद्याने मनाई करावी.