चिमट्याची नळी कापायची एवढी घाई का?

मा. व्यवस्थापकीय संचालक,
(कंपनीचं नाव लिहीत नाही, आपण ओळखालच.)

वडिलांच्या सायकलची तक्रार आपल्याकडे पडून आहे, तेव्हा पाल्हाळ लावत नाही. ‘पुढे वाकून चालवायची सवय होईल,’ हे आपल्या ग्राहक सेवेचं उत्तर मी ६२ वर्षांच्या वडिलांना वाचून दाखवलं. मान आखडल्यामुळे त्यांना धड हसताही आलं नाही.

टाच पॅडलवर, पाय सरळ, या साध्या हिशेबाने सीट लावली. ती जमिनीपासून ९६ सेंटिमीटरवर आली, हँडल मात्र ८९ वर. बाजारहाटाला सायकल नेणाऱ्या माणसाचं हँडल निदान सीटच्या बरोबरीला हवं; इथे ते ७ सेंटिमीटर खाली. सगळा भार तळहातांवर येतो, करंगळी बधिर होते. स्पेसर (हँडल उंचावणाऱ्या चकत्या) दिलेत जेमतेम १५ मिलिमीटरचे, आणि तेही हँडल धरणाऱ्या स्टेमखाली आधीच घातलेले. १०० मिलिमीटरचा, ६ अंशांचा स्टेम उलटा केला तेव्हा २ सेंटिमीटर मिळाले, ५ उरले. मग आपल्याच सल्ल्याने ३५ अंशांचा स्टेम विकत घेतला. मूळ जागेपासून हँडल सुमारे ६ सेंटिमीटर चढलं, पण साडेतीनहून जास्त मागे आलं, पुढच्या ब्रेकची केबल तोकडी पडली, आणि १ सेंटिमीटर राहिलाच. सल्ल्याबद्दल आभारी आहे.

जुन्या काळ्या सायकलचा वरचा बोल्ट सैल करून हातोडीचा एक ठोका दिला की हँडल मोकळं व्हायचं. दांड्यावरच्या खुणेपर्यंत हवं तेवढं वर घ्या, खर्च शून्य. आपण सुधारणा केलीत. स्टेम ज्या नळीवर बसतो, ती पुढच्या चाकाच्या चिमट्याची नळी कारखान्यातच आखूड कापून पाठवता. गिऱ्हाईक कोण, त्याची पाठ कशी, हे ठाऊक नसताना हँडलची उंची ठरवून मोकळे होता, आणि वर जाहिरातीत ‘आरामदायी’ म्हणता! नळी कापायची करवत आमच्या कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडेही आहे. कापलेली नळी पुन्हा लांब करायचं हत्यार मात्र त्याच्याकडे नाही.

मागणी एकच: शहरी सायकलींची नळी ५ सेंटिमीटर जास्त ठेवा, तेवढे स्पेसर द्या, आणि हँडल कुठून कुठवर सरकतं ते माहितीपत्रकात छापा. वडिलांच्या सायकलला लांब नळीचा चिमटा आपल्या खर्चाने बसवून द्या. ते जमत नसेल, तर जाहिरातीतला ‘आरामदायी’ शब्द काढून टाका. त्याला तर पानाही लागत नाही.

आपला,
एक गिऱ्हाईक