शालेय सामन्यांत पंचगिरी : जोडकमाई म्हणून परवडते का?

जिल्हास्तरीय शालेय कबड्डी, १७ वर्षांखालील गट. शेवटचे मिनिट, एका गुणाचा फरक. चढाईपटूने निदान रेषा ओलांडली का, आणि ओलांडताना त्याचा मागचा पाय हवेत होता का? फक्कीने आखलेली रेषा दुपारपर्यंत पायांनी पुसट झालेली असते. पंचाला निर्णयासाठी जेमतेम एक सेकंद मिळतो. रेषेबाहेर उभे असलेले पालक मोबाइलवर चित्रीकरण करत असतात.

त्या एका सेकंदावर बरेच काही अवलंबून असते. जिंकणारा संघ विभागीय स्पर्धेला जातो. वरच्या स्तरावरच्या सहभागाने दहावी-बारावीत क्रीडा सवलतीचे गुण मिळतात. पुढे राज्याच्या शासकीय नोकऱ्यांतील ५ टक्के क्रीडा आरक्षणाची वाटही अशाच प्रमाणपत्रांवरून जाते. आणि हा निर्णय देणारा माणूस सकाळपासून उन्हात उभा असतो. त्याचे दिवसाचे मानधन शहरातल्या एका बऱ्या हॉटेलातल्या जेवणाच्या बिलातच संपून जाईल, अशी परिस्थिती अनेक ठिकाणी आहे.

तरीही महाविद्यालयीन विद्यार्थी, खेळ सुटलेले माजी खेळाडू, खासगी नोकरीतले तरुण पंचगिरीकडे वळतात. शनिवार-रविवार मैदानात जाईल, वर चार पैसे मिळतील, हा साधा हिशोब त्यामागे असतो. तो हिशोब जुळतो का?

मानधन नेमके कसे ठरते?

मानधनाचा राज्यभर एकच दर नाही. खेळ, जिल्हा, आयोजक आणि पंचाची श्रेणी यानुसार तो बदलतो. क्रिकेटमध्ये सहसा दिवसाच्या हिशोबाने पैसे मिळतात, तर कबड्डी, खो-खो, फुटबॉलमध्ये सामन्याच्या किंवा दिवसाच्या. अकादम्यांच्या खासगी स्पर्धा आणि टेनिस चेंडूच्या ‘चषकां’मध्ये भाव ठरवाठरवीवर असतो. त्यामुळे नुसता आकडा विचारण्यापेक्षा तासाला हातात काय उरते, ते मोजणे बरे.

एक उदाहरण घेऊ. समजा, शालेय क्रिकेट सामन्याला दिवसाचे एक हजार रुपये ठरले. पंच सकाळी सातला घरून निघतो. साडेआठला मैदानावर पोहोचून खेळपट्टी, यष्टी, सीमारेषा पाहतो. नऊ-साडेनऊला खेळ सुरू होतो आणि पाचच्या सुमारास संपतो. अहवालावर सही करून घरी पोहोचेपर्यंत सात वाजतात. म्हणजे १२ तास गेले. प्रवास आणि चहा-जेवणाचे अडीचशे वजा केले, तर उरतात साडेसातशे. तासाला साडेबासष्ट रुपये.

आता कबड्डी. समजा, सामन्याला दोनशे रुपये. कुमार गटाचा सामना १५ मिनिटांचे दोन डाव आणि मध्ये ५ मिनिटांची विश्रांती असा ३५ मिनिटांचा. एकाच मैदानावर दिवसात सहा सामने मिळाले, तर बाराशे रुपये होतात. ये-जा धरून आठ तास आणि खर्च दोनशे रुपये धरला, तर तासाला सव्वाशे रुपये पडतात. क्रिकेटच्या बरोबर दुप्पट.

हे आकडे उदाहरणादाखल आहेत. वाचकांनी आपल्या जिल्ह्याचा दर टाकून हेच गणित करावे. निष्कर्ष बहुधा बदलणार नाही : दिवसभराच्या एका सामन्यापेक्षा एकाच मैदानावर लागोपाठ मिळणारे छोटे सामने जास्त परवडतात. दोन सामने दोन टोकांच्या मैदानांवर मिळाले, तर मात्र कमाई लोकल आणि रिक्षातच जाते.

वर्षाला किती?

इथे खरी गोम आहे. क्रिकेटचेच उदाहरण पुढे नेऊ. मोसमात चार महिने, म्हणजे जास्तीत जास्त ३४-३५ शनिवार-रविवार. पाऊस, सण, घरचे कार्य, आयोजकांनी ऐनवेळी बदललेले वेळापत्रक वजा करता २४ दिवस हाती लागले, तर १८ हजार रुपये होतात. पहिल्या वर्षी बूट, गणवेश, टोपी, चेंडू मोजायचा काउंटर, परीक्षा शुल्क, पुस्तके यावर चार हजार गेले, असे धरू. उरले १४ हजार. बारा महिन्यांत वाटले, तर महिन्याला बाराशेही पडत नाहीत.

शिवाय शासकीय शालेय स्पर्धा बहुतांश शाळेच्या दिवशी होतात, ही गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी साखळी आणि १४, १७, १९ वर्षांखालील तीन गट. इतके सामने शनिवार-रविवारात बसणारच नाहीत. मुंबईत हॅरिस आणि गाइल्स ढालीचे सामने तर एकाहून अधिक दिवस चालतात. सोमवार ते शुक्रवार कार्यालयात अडकलेल्याला हे काम मिळणे कठीण. ते क्रीडाशिक्षक, निवृत्त कर्मचारी, पाळीत काम करणारे आणि विद्यार्थी यांच्याकडे जाते. नोकरदारांसाठी उरतात त्या खासगी लीग, अकादम्यांच्या स्पर्धा आणि रात्रीचे प्रकाशझोतातले सामने.

पंच व्हायचे कसे?

खेळ खेळलेला असणे उपयोगाचे, पण पुरेसे नाही. कबड्डी, खो-खोमध्ये जिल्हा आणि राज्य संघटना पंच परीक्षा घेतात. फुटबॉलमध्ये जिल्हा संघटनेकडे नोंदणी करून सर्वात खालच्या श्रेणीपासून सुरुवात करावी लागते. त्यात लेखी परीक्षेबरोबर धावण्याची चाचणीही असते. मुंबईत क्रिकेटसाठी मुंबई क्रिकेट असोसिएशनची परीक्षा असते. राज्याच्या उर्वरित भागासाठी महाराष्ट्र आणि विदर्भ क्रिकेट संघटना आहेत.

परीक्षा म्हणजे औपचारिकता, असे समजणाऱ्यांनी २०२२ ची एक गोष्ट लक्षात ठेवावी. महिला आणि कनिष्ठ गटाच्या सामन्यांसाठी पंच निवडायला बीसीसीआयने अहमदाबादेत परीक्षा घेतली. १४० जण बसले, तिघे उत्तीर्ण झाले. त्यातला एक प्रश्न बातम्यांतून गाजला : पॅव्हेलियनची, झाडाची किंवा क्षेत्ररक्षकाची सावली खेळपट्टीवर पडते आणि फलंदाज तक्रार करतो, तर काय कराल? पॅव्हेलियन आणि झाडाच्या सावलीकडे दुर्लक्ष करायचे. क्षेत्ररक्षकाला मात्र स्थिर राहायला सांगायचे, नाहीतर चेंडू ‘डेड’ ठरवायचा. नियम पाठ करून हे उत्तर सापडत नाही. मैदानावर उभे राहिलेल्यालाच ते सुचते.

स्वप्न दाखवणारे आकडेही आहेत. बीसीसीआयने २०२२ मध्ये श्रेणी लावल्या, तेव्हा प्रथम श्रेणी सामन्यासाठी वरच्या दोन श्रेणींतील पंचांना दिवसाला ४० हजार आणि खालच्यांना ३० हजार रुपये असा दर होता. नवी मुंबईच्या वृंदा राठी यांनी गुणलेखक म्हणून सुरुवात केली. मग त्या पंच झाल्या आणि जानेवारी २०२३ मध्ये पुरुषांच्या रणजी सामन्यात उभ्या राहिलेल्या पहिल्या तीन महिला पंचांपैकी एक ठरल्या. पण शिखरावरच्या जागा बोटावर मोजण्याइतक्या असतात. ४० हजारांकडे बघून शालेय सामन्यांना सुरुवात करणे म्हणजे आयपीएलकडे बघून नोकरी सोडण्यासारखे आहे.

राठी यांच्या वाटचालीतला खरा उपयोगाचा भाग वेगळा आहे : गुणलेखन. सावलीत बसून होणारे हे काम नियम पक्के करते, आयोजकांशी ओळखी करून देते आणि पंचाइतकी शिवीगाळ ऐकावी लागत नाही. क्रिकहिरोजसारख्या ॲपमुळे छोट्या स्पर्धांनाही चेंडूगणिक गुणलेखन करणारा माणूस लागतो. पहिल्या वर्षी पंचगिरीच्या जोडीला हे काम घेतले, तर रिकामे दिवस भरतात.

शिवीगाळीची किंमत कोण मोजते?

हिशोबाच्या वहीत न येणारा हा खर्च सर्वात मोठा आहे. प्रेक्षक ओरडणारच, हे पंच गृहीत धरतो. अडचण असते ती सीमारेषेवरच्या प्रशिक्षकाची आणि पालकांची. मुलाच्या अकादमीवर वर्षाला मोठी रक्कम खर्च करणाऱ्या पालकाला पायचीतचा निर्णय हा आपल्या गुंतवणुकीवरचा घाला वाटतो. तीच क्लिप संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरते, तीही एका कोनातून, हळू गतीत. पंचाला मात्र ना रिप्ले मिळतो, ना खुलासा करायला ग्रुप.

हे फक्त आपल्याकडेच घडते, असे नाही. अमेरिकेत शालेय पंचगिरी हा रुळलेला जोडधंदा आहे. तिथल्या शालेय क्रीडा संघटनांच्या महासंघाने २०१८-१९ नंतरच्या तीन मोसमांत सुमारे ५० हजार पंचांनी काम सोडल्याचे सांगितले. करोना हे एक कारण होते, पालकांचे वर्तन हे दुसरे. इंग्लंडमध्ये फुटबॉल असोसिएशनने २०२३ मध्ये हौशी सामन्यांतील रेफ्रींच्या छातीवर कॅमेरे लावण्याचा प्रयोग सुरू केला. त्यांच्यावरचे हल्ले आणि शिवीगाळ रोखता येते का, हे त्यांना पाहायचे होते. तिथे मैदानावर पोलिसी उपकरण आणायची वेळ आली. इथे अनेक स्पर्धांत पंचांसाठी पाण्याची वेगळी बाटली आणि बसायला खुर्चीही नसते.

मराठीत या कामाच्या पैशाला ‘मानधन’ म्हणतात. गोंधळ तिथूनच सुरू होतो. मान देतो म्हणून धन कमी चालेल, असे आयोजक धरून चालतात. प्रत्यक्षात दोन्हींची उधारी असते. मंडप, ध्वनिक्षेपक, करंडक यांचे पैसे स्पर्धेआधी चुकते होतात. पंचांचे पाकीट ‘समारोपानंतर बघू’वर जाते. टेनिस चेंडूच्या स्पर्धेत विजेत्याला दुचाकी देणाऱ्या आयोजकाला पंचांसाठी अल्पोपाहाराचा खर्च जड वाटावा, हे पैशाअभावी होत नाही. पंचाचे काम फुकटात किंवा ओळखीवर होते, या सवयीपायी होते.

आणि याचा भुर्दंड मुलांना बसतो. प्रशिक्षित पंच येईनासे झाले की, सहभागी शाळेतल्याच शिक्षकाच्या गळ्यात शिट्टी अडकवली जाते. तो कितीही प्रामाणिक असला, तरी हरलेल्या संघाला तो पटत नाही. तेंडुलकर-कांबळी यांची १९८८ मधली ६६४ धावांची भागी किंवा २०१६ मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडेने केलेल्या नाबाद १००९ धावा आज नोंदीत आहेत. खेळाडूंइतकेच त्याचे कारण म्हणजे दोन्ही वेळी मैदानावर चेंडू मोजणारे पंच होते आणि बाहेर वही भरणारे गुणलेखक होते.

कर आणि कागदपत्रे

मानधन लहान असले, तरी ते उत्पन्नच. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २००८ मध्ये खेळाडू, प्रशिक्षक यांच्याबरोबर पंच आणि रेफ्री यांचाही व्यावसायिक सेवांत समावेश केला. त्यामुळे एकाच संस्थेकडून वर्षभरात ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त रक्कम मिळाली की, १० टक्के टीडीएस कापला जातो. ही मर्यादा एप्रिल २०२५ पासून ३० हजारांवरून ५० हजार करण्यात आली. एकूण उत्पन्न करपात्र नसेल, तर विवरणपत्र भरून हा पैसा परत मिळतो. एवढ्यासाठी विवरणपत्र कोण भरणार, म्हणून अनेक जण तो सोडून देतात.

मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या शाळा आणि क्रीडा अकादम्यांनी कंत्राटी कर्मचाऱ्यांचीही पोलीस पडताळणी करावी, असे पोक्सो नियम २०२० सांगतात. आयोजकाने चारित्र्य पडताळणीचा दाखला मागितला, तर त्यात अपमान मानू नये. न मागणाऱ्याबद्दलच शंका घ्यावी.

मग करावे की नाही?

महिन्याच्या हप्त्याला हातभार म्हणून पाहत असाल, तर नको. तेवढ्याच तासांत शिकवण्या घेऊन जास्त पैसे मिळतात, तेही सावलीत आणि ठरल्या तारखेला. पण खेळ सुटल्याची रुखरुख असेल, मैदान घराजवळ असेल आणि पहिली दोन वर्षे खर्च वजा जाता हाती फारसे उरणार नाही, हे मान्य असेल, तर करून पाहण्यासारखे आहे. पिलू रिपोर्टर यांच्यापर्यंतच्या पिढीतले कसोटी पंचही या कामाकडे चरितार्थ म्हणून पाहत नव्हते. दोन खेळांची परीक्षा दिली, तर मोसम लांबतो : पावसाळ्यात फुटबॉल, दिवाळीनंतर कबड्डी. मुलींच्या स्पर्धा वाढत आहेत आणि महिला पंच कमी आहेत. त्यामुळे परीक्षा उत्तीर्ण झालेल्या तरुणीला पहिल्याच मोसमात काम मिळण्याची शक्यता अधिक.

होकार देण्याआधी आयोजकांना चार गोष्टी विचाराव्यात. दिवसाचे सामने किती आणि पंच किती? प्रवासखर्च मानधनात धरला आहे की वेगळा? प्रेक्षक मैदानात घुसले तर सामना थांबवण्याचा अधिकार कुणाचा? आणि पंच मैदानावर पोहोचल्यावर पावसाने सामना रद्द झाला, तर निम्मे पैसे मिळणार का? उत्तरे फोनवर ऐकून घेऊ नयेत. व्हॉट्सॲपवर लिहून घ्यावीत, पैसे कोणत्या तारखेला देणार यासकट.