‘हर्नियाचं’ ऑपरेशन



गेल्या संक्रांतीची गोष्ट. शेंद्र्यात आमच्याकडच्या बायका हळदीकुंकवाला जमल्या होत्या. वाण लुटून झालं, तिळगूळ झाला आणि एकीनं विचारलंच, “काय हो, तुमच्या मिस्टरांचं कसलं ऑपरेशन झालं म्हणे?”

“हर्नियाचं,” मी चटकन सांगून टाकलं.

“म्हणजे तुमचं आणखी लांबलं की! तोवर तुम्ही तरी स्वतःला नीट दाखवून घ्या,” दुसरी म्हणाली. सगळ्या हसल्या, मीही हसले. घरी येऊन वाणाचं ताट ओट्यावर ठेवलं आणि मग मात्र रडू आवरेना.

कारण ऑपरेशन हर्नियाचं नव्हतंच. मूल व्हावं म्हणूनच ते केलं होतं, आणि दोष माझ्यात नव्हता. हे सगळं इथे लिहिते आहे ते ह्यांना विचारून.

आमच्या लग्नाला सहा वर्षं झाली. पहिल्या चार वर्षांत माझ्या सगळ्या तपासण्या झाल्या. रक्त, सोनोग्राफी, नळ्या मोकळ्या आहेत का ते पाहायचा फोटो, काही म्हणून राहिलं नाही. सासूबाईंनी इथल्या मांगीरबाबाला नवसही बोलला. पण ह्यांना तपासावं असं ना घरात कुणाला सुचलं, ना खरं सांगायचं तर मला! शेवटी एका डॉक्टरीणबाईंनीच विचारलं, “मिस्टरांचा रिपोर्ट कुठंय?” मी गप्प. त्या म्हणाल्या, “अहो, सगळ्यांत सोपी आणि कमी खर्चाची तपासणी तीच. ती पहिल्यांदा करायची.”

तेव्हा पहिली सूचना हीच. वर्षभर वाट पाहूनही दिवस राहिले नाहीत, तर दोघांनी तपासून घ्यावं. बाईचं वय पस्तिशीपुढे असेल तर सहाच महिने थांबावं. पुरुषाची वीर्यतपासणी २ ते ७ दिवसांचं अंतर ठेवून करतात आणि नमुना तासाभरात प्रयोगशाळेत पोचावा लागतो. एका रिपोर्टवरून निकाल लावू नये. कमी आला तर काही आठवड्यांनी दुसरा करतात.

ह्यांचे दोन्ही रिपोर्ट कमी आले. डॉक्टरांनी तपासलं तेव्हा निदान निघालं व्हेरिकोसीलचं. पायाच्या शिरा फुगतात ना, तशा अंडकोषाभोवतीच्या शिरा फुगतात. बहुतेक वेळा डाव्या बाजूच्या. तिथे रक्त साचून राहतं, उष्णता वाढते आणि शुक्रजंतू कमी किंवा दुबळे होतात. हा काही जगावेगळा आजार नव्हे. शंभर पुरुषांत साधारण पंधरा जणांना तो असतो. ज्यांना मूल होत नाही अशा पुरुषांत शंभरात पस्तीस ते चाळीस जणांना. प्रत्येकाला ऑपरेशन लागत नाही. हाताला शिरा लागत असतील आणि रिपोर्टही बिघडलेला असेल, तरच डॉक्टर ते सुचवतात.

डिसेंबरच्या सुरुवातीला ऑपरेशन झालं. जांघेजवळ लहानशी चीर, दुसऱ्या दिवशी घरी. आता घरच्या गोष्टी सांगते.

पहिले दोन दिवस बर्फ कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं लावायचा, उघडा बर्फ कातडीला लावायचा नाही. आधाराचा सपोर्टर डॉक्टर सांगतील तितके दिवस वापरायचा. जखम कोरडी ठेवायची. शौचाला कुंथावं लागता कामा नये, म्हणून पालेभाजी, मुगाचं वरण, पपई, ताक आणि भरपूर पाणी. नुसत्या शिऱ्यावर आणि साजूक तुपावर माणूस बरा होत नाही! चालणं-फिरणं हळूहळू सुरू करायचं, पण पाण्याची बादली, गव्हाचं पोतं, सिलिंडर ह्यांना हात लावू द्यायचा नाही. भरलेलं सिलिंडर तीस किलोच्या घरात जातं. मोटरसायकलही डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच. ताप आला, जखम लाल झाली, पू आला, सूज वाढत चालली, तर उद्यावर ढकलू नका.

ह्यांचं काम कंपनीत उभ्यानं, वजन उचलण्याचं. म्हणून कामावर जाताना डॉक्टरांकडून फिटनेसचा दाखला आणि काही दिवस हलकं काम द्यावं अशी चिठ्ठी घेतली. ज्यांचं ईएसआयचं कार्ड आहे, त्यांनी आजारपणाचा दाखला जरूर काढावा. अटी पूर्ण असतील तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या सत्तर टक्के रक्कम मिळते. लाजेपोटी बिनपगारी रजा कशाला टाकायची?

इथपर्यंत मी शहाण्यासारखी वागले. चुकले ते ह्याच्यापुढे.

घरी आल्या दिवसापासून मी कॅलेंडरवर खुणा करायला लागले. सकाळी खारीक-बदाम, रात्री दूध, “सैल पायजमा घाला,” “मांडीवर लॅपटॉप ठेवू नका,” “तंबाखूची पुडी दिसली तर बघा हं!” सांगत होते ते खोटं नव्हतं. तंबाखू, दारू आणि उष्णता शुक्रजंतूंना वाईटच. व्यायामशाळेतली ताकदीची इंजेक्शनं तर फारच वाईट. पण मी सांगत होते ते बायको म्हणून नव्हे, मास्तरीण म्हणून! एका रात्री ताट बाजूला सारून हे म्हणाले, “अगं, मी बरा व्हावा असं तुला वाटतं, की माझा रिपोर्ट?”

मला उत्तर देता येईना. टाके ओढत होते ह्यांना, कंपनीत मित्र काय म्हणतील ही धास्ती ह्यांना, आणि मी ह्या माणसाकडे बघत होते ते मला मूल देणारं यंत्र म्हणून. माझ्याकडे गेली सहा वर्षं सगळे जसं बघत आले, अगदी तसंच.

कॅलेंडर मी त्याच रात्री खिळ्यावरून काढलं. तसाही घाईचा उपयोग नव्हता. शुक्रजंतू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, म्हणून ऑपरेशननंतरचा पहिला रिपोर्ट तीन महिन्यांनी करतात. त्याआधी कितीही बदाम खाल्ले तरी निसर्ग आपल्या गतीनंच चालणार. ते तीन महिने माणसाला माणूस म्हणून द्यावेत. संध्याकाळी आम्ही दोघं पायी फिरून यायला लागलो. बाळाचा विषय फिरताना काढायचा नाही असं ठरवलं. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर जवळ येतानाही तारखा मोजायच्या नाहीत असं ठरवलं. मूल हवं असेल तेव्हा पाळीच्या मधल्या काळात एक दिवसाआड पुरेसं असतं.

राहिला तो खोटा हर्निया. हळदीकुंकवाचं सारं मी ह्यांना सांगितलं. हे काहीच बोलले नाहीत. चार दिवसांनी गावाहून सासूबाई आल्या त्या माझ्यासाठी कुणा बाबाची पुडी घेऊनच. मी हात पुढे करणार तोच हे म्हणाले, “आई, ती पुडी तिला नको. दोष माझ्यात आहे. ऑपरेशन झालं ते त्याचंच.”

सासूबाई काही न बोलता आत गेल्या. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. थोड्या वेळानं बाहेर आल्या, ह्यांच्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, “दुखतं का रे अजून?” त्यानंतर माझ्यासाठी पुडी आलेली नाही.

र. धों. कर्व्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढून असल्या विषयांवर उघड लिहायला सुरुवात केली. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले, १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. एवढी वर्षं झाली, पण नवऱ्यात दोष आहे हे वाक्य अजून आपल्या घरात उच्चारता येत नाही. मग ते झाकायला बायकोची ओटी पुढे करतात! मात्र हेही सांगते. ते वाक्य आपण चारचौघांत बोलून नवऱ्याला खाली बघायला लावू नये. ते त्याचं त्यानंच बोलावं. आपण फक्त त्याच्याजवळ बसून म्हणावं, “तुमच्यासाठी मी खोटं बोलले, पण आता मला ते पेलत नाही.” मी एवढंच म्हटलं होतं.

मार्चमध्ये रिपोर्ट झाला. आकडा थोडा वाढला आहे, पुरेसा नाही. साधारण तिघांत दोघांचा रिपोर्ट ऑपरेशननं सुधारतो, पण सुधारलेल्या प्रत्येकाच्या घरी पाळणा हलतोच असं नाही. पुढचा रिपोर्ट सहा महिन्यांचा. नाहीच जमलं तरी पुढचे उपचार आहेत. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजांच्या प्रयत्नांनी ६ ऑगस्ट १९८६ ला टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, त्याला आता कितीतरी वर्षं लोटली. फक्त केंद्र २०२१ च्या कायद्याखाली नोंदलेलं आहे ना, ते विचारून घ्यावं. आणि वाट पाहताना स्वतःला विसरू नये. दिवस राहण्याआधीपासूनच फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी डॉक्टरांना विचारून सुरू करावी. मी सुरू केली आहे.

चैत्रात इथे मांगीरबाबाची यात्रा भरते. सासूबाई यंदाही दर्शनाला गेल्या. “काय मागितलंत?” मी विचारलं. “आधी त्याची तब्येत मागितली,” त्या म्हणाल्या, “बाकीचं मग.”

तुमच्याही घरी असाच एखादा ‘हर्निया’ झाकलेला असेल, तर ह्या आठवड्यात निवांत वेळ बघून ह्यांच्याशी बोला. चहा मात्र आधी ठेवा, बरं का!