सातबारा आमचा, दगड कोणाचा?



मालवणच्या कातळाशी कपाशी-ज्वारीवाल्यांचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध दगडाचा आहे. तुमची काळी आणि आमच्या देवगड-मालवणकडचा तांबडा जांभा, दोघांचे मूळ बरेचसे एकच : काळा पाषाण, ज्याला शास्त्रवाले बेसाल्ट म्हणतात. तुमच्याकडे पाऊस बेताचा. म्हणून पाषाणातली फेल्डस्पार, पायरॉक्सीन ही खनिजे कुजून झालेली चिकणमाती आणि चुना जागेवर राहिला, आणि ओल धरणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी काळी तयार झाली. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस. त्याने चुना आणि बरीचशी सिलिका धुऊन नेली. मागे उरला लोखंडाचा आणि ॲल्युमिनियमचा गंज. तोच जांभा. खाणीत असताना मऊ, वारा लागला की कडक. त्याच्या चिऱ्यांवर अख्ख्या कोकणाची घरे उभी आहेत.

पृथ्वीच्या कवचात वजनाने ४६ टक्के ऑक्सिजन, २८ टक्के सिलिकॉन, ८ टक्के ॲल्युमिनियम, ५ टक्के लोखंड. निम्म्याहून अधिक कवच एकट्या फेल्डस्पारच्या जातीचे, शिवाय गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ. सोन्याहिऱ्यांचे सोडा, पृथ्वी बनली आहे ती तुमच्याआमच्या बांधावरच्या दगडांची.

या मालाला सरकारने काय म्हटले? गौण! फेब्रुवारी २०१५ मध्ये केंद्राने ३१ खनिजे गौण ठरवली. त्यांत २०२५ पर्यंत क्वार्ट्झ, फेल्डस्पार, अभ्रक होते, जांभा आहे, आणि काचेसाठी लागणारी, आमच्या कासार्ड्याला निघते ती सिलिका वाळूही आहे. नाव गौण, पण मालकी सोडायची तयारी नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६, कलम ४८ : जमिनीवरची असोत की पोटातली, शेतातली असोत की नाल्यातली, सर्व खनिजे राज्य सरकारची. सातबाऱ्यावर नाव आमचे, सारा आम्ही भरायचा, आणि मुरूम विकायला काढला तर तलाठी दारात.

लोखंडासारखे प्रमुख खनिज निघाले तर विचारूच नका. आमच्याकडे रेडीला आणि कळण्याला ते निघाले. अशा खाणीसाठी जमीनधारकाला भरपाई किती द्यायची याची रीत १९६० च्या नियमांत घालून दिली आणि २०१६ च्या नियमांतही ठेवली : तशाच जमिनीच्या लागवडीचे मागील तीन वर्षांचे सरासरी निव्वळ उत्पन्न. निव्वळ! कोरडवाहू कपाशीचा हिशेब घरच्या माणसांची मजुरी धरून एकदा मांडून पाहा, आकडा उणेच येईल. आधी शेतमालाचा भाव पाडायचा आणि मग त्या पाडलेल्या भावाने जमिनीचे मोल करायचे. जुलै २०२१ मध्ये कळण्याच्या खाणीत साचलेले पाणी बांध फोडून खालच्या शेतांत आणि घरांत शिरले. खनिज सरकारचे, चिखल मात्र शेतकऱ्याचा.

केरळात मलबारचे जमीनमालक सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडले. जुलै २०१३ मध्ये निकाल लागला की कायद्याने हिरावून घेतलेले नसेल तर भूगर्भातले खनिज जमिनीच्या मालकाचेच. आपल्याकडे कलम ४८ ने ते हिरावलेले आहे. तेव्हा नुसत्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवून भागायचे नाही, दुरुस्ती विधानसभेत करून घ्यावी लागेल. कोणी म्हणेल, २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे, खाणवाले त्यात पैसे भरतात. भरतात, पण तो पैसा अधिकारी आणि पुढारी बसून वाटतात. ज्याची जमीन उकरली त्याला हक्क म्हणून त्यातला छदाम नाही.

खाणीवर जी रॉयल्टी घेतात तिचे सरकारी मराठी नाव आहे स्वामित्वधन. स्वामी कोण आणि धन कोणाकडे, हे आता जिल्हा बैठकीत विचारू या. आमच्या बाजूने ठराव असा : कलम ४८ बदला, मालकाच्या लेखी संमतीशिवाय खाणपट्टा देऊ नका, आणि स्वामित्वधनाचा ठरलेला हिस्सा थेट सातबारावाल्याच्या खात्यावर जमा करा. हिस्सा किती, यावर बैठकीत मोकळेपणाने भांडू. आमच्या मते निम्म्याच्या खाली यायचे नाही.